चिपनिष्ठांसाठी आचारसंहिता

राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्याला निवडणुकीच्या दिवसांत निदान वडापाव तरी मिळतो. चिप कंपनीच्या कार्यकर्त्याला तोही मिळत नाही. उलट तो स्वतःच्या खिशातले पंचवीस-तीस हजार मोजून कार्यकर्ता होतो आणि पुढची चार वर्षं फुकट प्रचार करतो. इंटेलचा निळा किंवा एएमडीचा लाल झेंडा खांद्यावर घेतलेल्या या निष्ठावंतांकडे आजवर कोणी गांभीर्याने पाहिलेलं नाही. अनेक होतकरू कार्यकर्ते पूर्वतयारी न करता वादात उतरतात, आणि नव्या प्रोसेसरमधला दोष उघडकीस आला की पार गांगरून जातात. त्यांच्या सोयीसाठी ही आचारसंहिता. कलमं क्रमाने पाळावीत.

कलम १ : पक्षाची निवड

पक्ष निवडू नये. तो आडनावासारखा आपोआप चिकटतो. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने "त्याचा मदरबोर्ड संपलाय, हाच घेऊन जा" असं म्हणून पहिल्यांदा जो डबा हातात ठेवला, तो आपला पक्ष. एकदा पैसे मोजले की ती कंपनी जगात सर्वोत्तम असणं भाग आहे. ती तशी नसेल तर घरी खुलासा द्यावा लागेल. त्यापेक्षा निष्ठा स्वस्त पडते.

पक्षाचा इतिहास मात्र वाचू नये. भांडणातली मजा जाते. इंटेल निघाली १९६८ साली, एएमडी १९६९ साली, आणि दोन्हींचे संस्थापक फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या एकाच घरातून बाहेर पडलेले. म्हणजे ही शत्रुत्वापेक्षा भाऊबंदकीच जास्त. आयबीएमला आपल्या पीसीसाठी प्रोसेसरचा दुसरा पुरवठादार हवा होता, म्हणून १९८२ च्या करारानुसार एएमडी इंटेलच्याच आराखड्याचे प्रोसेसर बनवू लागली. पुढे २००३ मध्ये एएमडीने इंटेलच्या एक्स८६ सूचनासंचाला ६४ बिटांची जोड दिली, आणि ती इंटेललाही स्वीकारावी लागली. आज निळ्या डब्यातला प्रोसेसर लाल भावाच्या विहिरीचं पाणी पितो आणि लाल डब्यातला निळ्या भावाच्या शेतात पिकतो. सातबाऱ्यावर दोघांचीही नावं आहेत. बांधावर डोकी मात्र आपण फोडायची.

कलम २ : खरेदीचा मुहूर्त

खरा निष्ठावंत पहिल्याच दिवशी विकत घेतो. महिनाभर थांबणारे ते संधिसाधू.

पहिल्या दिवशी घेण्याचे लाभ इतिहासात नोंदलेले आहेत. २०११ च्या जानेवारीत इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर थाटात आले. महिना उलटायच्या आत, ३१ जानेवारीला, कंपनीने जाहीर केलं की प्रोसेसर उत्तम आहे, फक्त त्याच्या सोबतीला दिलेल्या चिपसेटमध्ये हार्ड डिस्क जोडायची काही पोर्टं कालांतराने मंदावत जातील. नवरा मुलगा उत्तम, फक्त सोबतचा करवला बिघडलेला. दुरुस्ती आणि बदलीचा अंदाज ७० कोटी डॉलर. ज्यांनी महिनाभर थांबण्याचा भ्याडपणा केला, त्यांना हा अनुभव घेता आला नाही.

लाल गोटानेही आपल्या निष्ठावंतांना उपाशी ठेवलेलं नाही. २०१९ च्या जुलैत रायझन ३००० मालिका आली. प्रोसेसरला 'मनात कुठलाही एक आकडा धर' असं सांगणारी एक सूचना असते. गुप्ततेच्या कामांसाठी असे बेभरवशी आकडे लागतात. या नव्या प्रोसेसरला कितीही वेळा विचारलं तरी तो तोच आकडा सांगे, आणि वर 'काम फत्ते' असा शेराही देई. परिणामी नव्या लिनक्सच्या काही आवृत्त्या सुरूच होईनात आणि 'डेस्टिनी २' हा गेम चालेना. बायोस बदलल्यावर प्रोसेसरच्या मनात वेगवेगळे आकडे येऊ लागले.

ही घाई होते कशामुळे, हा प्रश्न विचारू नये, कारण उत्तर आपल्याच दारात येतं. २००० साली एक गिगाहर्ट्झचा टप्पा आधी कोण गाठतो याची शर्यत लागली होती. एएमडीच्या अ‍ॅथलॉनने ६ मार्चला तो गाठला, इंटेलने दोन दिवसांनी, ८ मार्चला. दोन दिवसांचा हा अपमान धुऊन काढायला जुलैअखेर इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ काढला. परीक्षकांच्या टेबलावर तो लिनक्सचं कर्नल कंपाइल करताना कोलमडू लागला आणि ऑगस्ट संपायच्या आत कंपनीने तो परत बोलावला. इंजिनिअरला वेग हवा असतो, व्यापाऱ्याला विक्री. पण दशांशचिन्हानंतरचा तो आकडा कोणाला हवा असतो? आपल्याला. चारचौघांत सांगायला.

कलम ३ : आपल्या प्रोसेसरमध्ये दोष निघाल्यास

घाबरू नये. पुढील पाच वाक्यं पाठ करावीत आणि याच क्रमाने वापरावीत.

एक : "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय." दोन : "सामान्य माणसाला हे जाणवणारसुद्धा नाही." तीन : "याला दोष म्हणत नाहीत, इरेटा म्हणतात." चार : "बायोस अपडेट येतंय." पाच : "आणि त्यांच्याकडे झालं तेव्हा?"

यातलं दुसरं वाक्य सर्वांत जुनं आणि सर्वांत महाग. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. १९९४ साली त्यांच्या पेंटियमवरची उत्तरं जुळेनात. आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग बाकीचं यंत्र, आणि शेवटी ऑक्टोबरात त्यांनी जाहीर केलं की चुकतोय तो प्रोसेसर.

कशी चूक, ते कॅल्क्युलेटर घेऊन पाहा. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागा. उत्तर येतं १.३३३८२०४४९. त्याला परत ३१,४५,७२७ ने गुणा आणि आलेलं उत्तर मूळच्या ४१,९५,८३५ मधून वजा करा. हातात शून्य उरतं. चौथीतल्या पोराच्याही उरतं. सदोष पेंटियमवर भागाकार येई १.३३३७३९०६८ आणि शेवटी शून्याच्या जागी २५६ उरत. कारण साधं होतं. हा प्रोसेसर भागाकार करताना दर पायरीला आत कोरलेल्या एका कोष्टकात डोकावून पुढचा अंक ठरवत असे. इंटेलच्या खुलाशानुसार त्या कोष्टकातली पाच घरं भरायचीच राहून गेली होती. आपल्या आजोबांची पावकी-निमकी तोंडपाठ असे. इथे पाढ्याच्या पाटीवरच पाच घरं कोरी.

कंपनीने सुरुवातीला वाक्य क्रमांक दोन वापरलं : सामान्य माणसाला अशी चूक सरासरी २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएमने स्वतःचं गणित मांडलं आणि सांगितलं, २४ दिवसांतून एकदा. आणि त्या पेंटियमचे संगणक पाठवणं थांबवलं. २७,००० वर्षं आणि २४ दिवस यांमधला फरक भागाकाराने काढायचा झाल्यास तो पेंटियमवर काढू नये. अखेर २० डिसेंबरला इंटेलने माफी मागितली आणि जो मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यायचं कबूल केलं. त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले.

हे सगळं कार्यकर्त्याने सांगायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच. त्याने फक्त वाक्य क्रमांक पाचकडे वळायचं.

कलम ४ : समोरच्याच्या प्रोसेसरमध्ये दोष निघाल्यास

इथे संयम सोडावा. आपल्याकडचा दोष 'क्वचित घडणारा' असतो, त्यांच्याकडचा 'मूळ आराखड्यातला'. आपली कंपनी दोष 'प्रामाणिकपणे मान्य करते', त्यांची 'पकडली जाते'.

निळ्या कार्यकर्त्याने या कलमाखाली २००७ सालचा एएमडी फिनॉम कायम खिशात ठेवावा. मेमरीतले पत्ते पुन्हा पुन्हा शोधावे लागू नयेत म्हणून प्रोसेसर हाताशी एक छोटी वही ठेवतो. फिनॉमच्या या वहीत क्वचित प्रसंगी नोंद बिघडे आणि संगणक गोठे. त्यावर बायोसमधून उपाय आला, पण त्याने प्रोसेसरचा वेगच साधारण दहा टक्क्यांनी, कुठे त्याहूनही जास्त खाली आला. ताप उतरला, पण रोगी अंथरुणाला खिळला. मार्च २००८ मध्ये दुरुस्त आवृत्ती आली, तेव्हा जुन्या-नव्याची ओळख पटावी म्हणून नावात ५० मिळवले : ९५०० चा ९५५० झाला आणि ९६०० चा ९६५०. आपल्याकडे नाव मुलीचं लग्नानंतर बदलत असे. इथे ते प्रायश्चित्तानंतर बदललं.

लाल कार्यकर्त्याला इतकं मागे जायचं कारण नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या श्रेणीच्या काही प्रोसेसरवर खेळ मधेच बंद पडायचे आणि पडद्यावर संदेश यायचा की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. चोर सोडून संन्याशाला फाशी. बिचारं ग्राफिक्स कार्ड बदलून लोक थकले. २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे आतली मंडलं अकाली म्हातारी होत होती. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण जे म्हातारे झाले ते परत तरुण झाले नाहीत. लाल गोटाने मात्र फार हसू नये : त्याच वर्षी पहिला माल अपेक्षित दर्जाचा नाही असं सांगून एएमडीने रायझन ९००० चा मुहूर्त जुलैअखेरवरून ऑगस्टवर ढकलला होता.

कलम ५ : युक्तिवादांचा पुनर्वापर

नवे युक्तिवाद शोधण्यात वेळ घालवू नये. जुनेच धुऊन, इस्त्री करून वापरता येतात. फक्त कंपनीचं नाव बदलायचं.

उदाहरणार्थ 'डिंक'. इंटेलने दोन चिपा शेजारी-शेजारी बसवून चार कोअरचा प्रोसेसर बनवला, तेव्हा एएमडीने आपला एकसंध फिनॉम हाच 'खरा' क्वाड-कोअर असं सांगितलं. लाल कार्यकर्त्यांनी ते डोक्यावर घेतलं. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, एएमडीने चार चिपा जोडून सर्व्हरचा एपिक प्रोसेसर काढला, तेव्हा इंटेलने त्याची 'डिंकाने चिकटवलेला' अशी टर उडवली. निळ्या कार्यकर्त्यांनी ते डोक्यावर घेतलं. आता इंटेलही तुकडे जोडूनच प्रोसेसर बनवते. डिंक तोच, फक्त लाडू कोणाच्या घरचे यावर चव ठरते.

यंदाच्या भाऊबिजेला बहिणीकडे हा प्रयोग मला जवळून पाहायला मिळाला. मोठा भाचा एका पक्षाचा, त्याचा चुलतभाऊ दुसऱ्या. मागच्या दिवाळीला एकाचा नवा संगणक खेळाच्या ऐन रंगात काळा पडला, तेव्हा दुसऱ्याने चकली हातात धरून कोअर, कॅश आणि कर्म यांवर व्याख्यान दिलं होतं. यंदा दुसऱ्याचा नवा संगणक सुरूच होईना. पहिल्याने तेच व्याख्यान दिलं, अगदी 'घेण्याआधी मला विचारायचंस ना' या शेवटच्या वाक्यासकट. मी म्हटलं, "अरे, मागच्या वर्षी तू याच्यावर चिडला होतास." तो म्हणाला, "मामा, तेव्हाची गोष्ट वेगळी होती." कोणाचा संगणक कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. पुढच्या वर्षीही मला ओवाळून घ्यायला त्याच घरी जायचंय.

कलम ६ : नेत्यांच्या पंगतीकडे दुर्लक्ष करावं

आपण सतरंज्या उचलत असताना नेते काय करतात हे पाहू नये. दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं आज कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा या एकाच गावात आहेत. २००९ मध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन कोर्टातली भांडणं मिटवली. २०१८ मध्ये तर इंटेलने असा प्रोसेसर विकला ज्याच्या शेजारी एएमडीचं ग्राफिक्स बसवलेलं होतं. त्या आठवड्यात कार्यकर्त्यांनी कोणता झेंडा धरला याची नोंद नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात दोघांनी मिळून एक्स८६ च्या भल्यासाठी सल्लागार गट काढला. आपल्याकडे याला युती म्हणतात.

पक्षांतराबद्दलही मौन पाळावं. 'पेंटियमचे जनक' म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन कंपनीत गेले, ती एएमडीने विकत घेतली, आणि मग पेंटियमच्या मुकाबल्याला उतरलेल्या एएमडीच्या के६ लाही त्यांचाच हात लागला. पुण्यात जन्मलेला माणूस दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो यात पुणेकरांना नवल वाटणार नाही. इतरांनी मात्र हे विसरावं, नाहीतर निष्ठा नेमकी कोणाशी हा पेच पडेल.

कलम ७ : निषिद्ध साहित्य

दोन्ही कंपन्या आपापल्या प्रोसेसरमधल्या ज्ञात दोषांची यादी स्वतःच छापतात. ती कोणालाही मोफत वाचता येते. एकेका प्रोसेसरच्या यादीत असे डझनावारी दोष असतात. प्रत्येकाला क्रमांक, घडण्याची परिस्थिती, उपाय, आणि बऱ्याच ठिकाणी समोर एकच शेरा : दुरुस्ती नाही. म्हणजे निर्दोष प्रोसेसर कोणाकडेच नाही. कोट्यवधी, आता तर अब्जावधी ट्रान्झिस्टरांच्या वस्तूत तो असणारही नाही. ही यादी वाचलेला माणूस भांडणाच्या कामाचा राहत नाही, म्हणून ती निषिद्ध.

परिशिष्ट : निष्ठा न परवडणाऱ्यांसाठी

वरील कलमं ज्यांना जमणार नाहीत, त्यांनी नवा प्रोसेसर आला की दोन-तीन महिने थांबावं. तोवर पहिल्या दिवसाचे शूरवीर आपल्या वतीने दोष शोधून देतात, तेही स्वखर्चाने. त्यांचे मनोमन आभार मानावेत. घेताना आपलं काम आणि खिसा पाहावा, डब्याचा रंग पाहू नये. घरी आणल्यावर आधी बायोस अद्ययावत करावं, मग गेम टाकावा. आणि दुकानदाराने दिलेलं बिल देवघराच्या खणात, लाइटबिलांच्या खाली, नीट घडी घालून ठेवावं. वॉरंटीच्या खिडकीवर कोणी तुमचा पक्ष विचारत नाही, बिल विचारतात.