पैशाचा 'खेळ' शिकवणाऱ्या ॲपच्या कर्त्यास

नमस्कार.

'सप्रेम' मुद्दामच लिहिलेलं नाही. तुमचं ॲप रोज उघडलं की नाणी मिळतात, एक दिवस चुकला की आधीची सगळी साखळी तुटते, शुक्रवारी लीडरबोर्ड लागतो. विशी-पंचविशीतल्या मुलांना आम्ही पैशाचं शहाणपण शिकवतो, असा तुमचा दावा आहे. चाकणच्या एका कारखान्यात महिना चोवीस हजारांवर लागलेला माझा भाचा तुमच्याकडे शिकतो. ऑप्शन्समधले 'कॉल' आणि 'पुट' त्याला तोंडपाठ आहेत. आपल्या पगारातून पीएफ किती कापला जातो आणि कंपनी किती भरते, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

पहिल्याच दिवशी तुम्ही त्याच्या हाती दहा लाखांचे खोटे रुपये ठेवलेत. कोणत्या चोवीस हजारवाल्याकडे दहा लाख असतात हो? आणि बुडाले तर 'पुन्हा खेळा' आहेच. खोलीचं भाडं, मेस, गाडीचा हप्ता, गावी आईला पाठवायचे पैसे, एवढं भागवून दोन हजार मागे टाकणं हा त्याचा खरा डाव. तोच तुमच्या खेळात कुठे नाही. आठवडाभरात ज्याची रक्कम सर्वांत जास्त वाढली तो तुमचा विजेता. एका आठवड्यात असा पुढे कोण जातो? सगळं एकाच ठिकाणी लावून ज्याचं नशीब फळफळलं तो. पीपीएफची मुदत पंधरा वर्षांची. त्यात पैसे टाकून स्वस्थ बसणारा मुलगा तुमच्या यादीत कायम तळाला राहणार. जो बरोबर वागतो त्यालाच तुम्ही आठवड्याच्या आठवड्याला हरवता.

शेवटच्या पायरीचा तर मला संताप येतो. सगळ्या पातळ्या पार केल्यावर बक्षीस म्हणून ब्रोकरकडे फ्युचर्स-ऑप्शन्सचं खरं खातं उघडण्याची लिंक! 'सेबी'चा सप्टेंबर 2024 मधला अभ्यास तुमच्या वाचनात आला नसेल, हे मी मानणार नाही. 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर गेला. 2023-24 मध्ये या ट्रेडरपैकी 43 टक्के तिशीच्या आतले होते. म्हणजे तुमचं ॲप वापरणाऱ्यांच्याच वयाची मुलं. अमेरिकेत रॉबिनहूड ॲपच्या पडद्यावर रंगीत कागदांची उधळण व्हायची. खूप टीका झाल्यावर 2021 मध्ये त्यांनी ती काढली. तुमच्या पडद्यावर प्रत्येक सौद्यानंतर ढोल-ताशा अजून वाजतो आहे.

खेळातून शिकवूच नये, असं मी म्हणत नाही. मुलं खेळतात म्हणून तर एवढी संधी तुमच्या हाती आहे. मग क्रेडिट कार्ड खेळायला द्या. समजा चाळीस हजारांचं बिल थकलं आहे, महिना साडेतीन टक्के व्याज आहे आणि मुलगा 'मिनिमम ड्यू' म्हणून दोन हजार भरून मोकळा होतो. व्याज 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252. मुद्दलातून कमी झाले फक्त 348 रुपये. बारा महिने हे आकडे डोळ्यांसमोरून जाऊ द्या; मग मध्येच वडिलांचं ऑपरेशन आणा, विमा नसेल तर काय होतं ते दाखवा. मे महिन्यात नोकरी घालवा आणि साठवलेल्या पैशांवर तो किती महिने तगतो, त्याचे गुण द्या. महिन्यातून एकदाच, पगाराच्या दिवशी उघडायला लागणारं ॲप करा.

असं ॲप करणं तुम्हाला जमेल, तेवढं कसब तुमच्यात आहे. पण महिन्यातून एकदा उघडणाऱ्या ॲपला गुंतवणूकदार मिळत नाहीत, हीच तुमची अडचण आहे ना? मग तसं उघड सांगा. उघडल्या गेलेल्या प्रत्येक ऑप्शन्स-खात्यामागे ब्रोकर तुम्हाला किती रुपये देतो, तो आकडा पहिल्याच पडद्यावर, नाण्यांच्या शेजारी, मराठीत छापा. तोवर 'शिक्षण' हा शब्द ॲपच्या नावातून काढून टाका.

तुमच्या एका खेळाडूची मावशी