बझसाहेब, आता जागा सोडा

रा. रा. बझसाहेब,
मुक्काम सहावी तार, पहिल्या तीन फ्रेट्स, माझी स्ट्रॅटोकास्टर.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण माझ्या गिटारमध्ये राहायला आल्याला आता दोन महिने होत आले. भाडं नाही, पागडी नाही, आणि आवाज मात्र पत्र्याच्या डब्यात माशी कोंडावी तसा. एफ धरला की आपण हजर, जी धरला की आपण हजर. बाराव्या फ्रेटच्या वर गेलं की एकदम चिडीचूप, जणू आपला माझ्याशी संबंधच नाही.

आपली सोय मीच करून दिली, हे आधी कबूल करतो. बेंड करताना बोटं दुखायला लागली (वयाचा इथे काही संबंध नाही), म्हणून तारांचा दहाचा सेट काढून नऊचा, म्हणजे बारीक तारांचा, चढवला. दहाच्या सहा तारा सुरात लावल्या की मिळून साधारण 47 किलोंचा ताण देतात. नऊच्या 38-39 किलोंचा. म्हणजे रस्सीखेच ऐन रंगात असताना आठ किलोंचा गडी दोर सोडून चहाला गेला. पलीकडे गिटारच्या मानेतला ट्रस रॉड बिचारा पूर्वीच्याच इमानाने ओढतोय. मान सरळ झाली, सरळ कसली, तसूभर मागेच कलली, आणि पहिल्या फ्रेट्सवर तार घासायला लागली. आपण तेवढ्या फटीतून आत आलात. चूक आपली नाही, फट नसण्याची आहे.

यावर मी काय केलं, ते आपण पाहिलंच आहे. मी सॅडल वर केले. पुन्हा वर केले. तारेखालून मांजर जाईल इतकी ॲक्शन झाली, सोलो वाजवताना जिममध्ये गेल्यासारखं वाटू लागलं, आणि आपण पहिल्या फ्रेटवर आरामात पाय पसरून बसलेले. ब्रिजकडचं टोक एक मिलिमीटर उचललं, तर पहिल्या फ्रेटवर तार त्याच्या जेमतेम अठराव्या भागाइतकी वर येते, हा त्रैराशिकाचा हिशेब मला शाळेत शिकवला होता. तेव्हाही मी खिडकीबाहेरच बघत होतो.

मग सल्लागार आले. एक म्हणाला, फ्रेट्स घासून घे. दुसरा म्हणाला, नट बदल. तिसरा म्हणाला, नवीन गिटार घे. त्याला आमच्या घरी पुन्हा चहा मिळालेला नाही.

आपला एक गुण मात्र मानायला हवा. आपण पत्ता लपवत नाही. फक्त मोकळी तार झणझणली असती, तर नटची खाच खोल गेली आहे असं समजलो असतो. एकाच फ्रेटवर बोट ठेवल्यावर आला असतात, तर पुढची शेजारीण फ्रेट डोकं वर काढून बसली आहे असं. सगळीकडे असता, तर ॲक्शनच फार खाली. आणि आपण पहिल्या दोन-तीन घरांत तळ ठोकून, म्हणजे मान जरुरीपेक्षा ताठ. तार मधल्या भागात सर्वांत जास्त झुलते, म्हणून तिला खाली किंचित पोकळी लागते. माणसाच्या मानेबद्दलही असंच काहीसं म्हणता येईल, पण तो विषय या पत्राचा नव्हे.

ती पोकळी मोजायला फीलर गेज शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून आणलं. टॅपेट सेटिंगचं. गिटारसाठी हवंय म्हटल्यावर गॅरेजवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी आपल्यासाठी सहन केली. पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबलेली, आणि आठव्या फ्रेटवर तारेखाली 0.25 मिलिमीटरची पात सरकवून बघायची. पात सरकलीच नाही. तार फ्रेटवर झोपलेली होती.

ट्रस रॉडला हात लावायला मी घाबरत होतो, हे आपल्याला ठाऊक असावं. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी 1921 मध्ये या रॉडच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो मान हवी तशी लावता यावी म्हणूनच. शंभर वर्षं लोटली तरी आम्ही त्याच्याकडे घरच्या फ्यूजकडे बघावं तसं बघतो. घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा. पुन्हा सूर लावले. थांबलो. पात थोडी घुसली. आणखी जरासा. घुसली. मग सॅडल मुकाट्याने खाली आणले, सतराव्या फ्रेटवर फेंडरच्या मापाप्रमाणे 1.6 मिलिमीटर, आणि शेवटी इंटोनेशन. हाच क्रम मी दोन महिने उलटा करत होतो.

आपल्याला वाईट वाटलं असेल. वाटणं साहजिक आहे. आपले नातलग मिरजेत काय थाटात राहतात! तिथे तानपुऱ्याच्या रुंद घोडीवर कारागीर कानाने ऐकत ऐकत घासकाम करतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, आणि तार घोडीला जी निसटती चाटून जाते तिला आम्ही आदराने जवारी म्हणतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू याच झणझणीसाठी पैसे मोजतात, आणि मी खाली तीच घालवायला घाम गाळतो. दोघांचा आवाज एकाच जिन्यात भेटतो.

तेव्हा तडजोड म्हणून सांगतो. चौदाव्या फ्रेटवर आपण अजून थोडे ऐकू येता, तेही ॲम्प्लिफायर बंद असताना, कान लाकडाला लावला तर. पिकअपला आपण ऐकू जात नाही. तेवढी जागा आपल्याला दिली. सामान वाढवू नये.

आपला,
घरमालक

ता. क. फीलर गेज अजून परत केलेलं नाही. नऊचा सेट फार लिबलिबीत वाटतोय, पुन्हा दहाचा चढवावा म्हणतो.