पांढऱ्या मिठाला घराबाहेर काढलं हो!

अहो, कानावर आलं का? तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पांढऱ्या मिठाची बरणीसकट हकालपट्टी केली! आता टेबलावर काचेची गिरणी, तिच्यात गुलाबी खडे. पाहुण्याच्या ताटाशी यायचं, मनगट दोनदा फिरवायचं, कर्र कर्र, आणि काकडीवर भुरभुर पडली की हळूच सांगायचं, "यात चौऱ्याऐंशी मिनरल्स असतात बरं का!"

84! निसर्गात मूलद्रव्यंच मुळी नव्वदच्या जराशी वर. म्हणजे 84 पानं भरायची तर शिसं, आर्सेनिक या मंडळींनाही पंक्तीला बसवावं लागणार. वहिनींना हे सांगणार कोण? बरं, त्या खड्यात शेकडा 97-98 भाग तेच ते बदनाम सोडियम क्लोराइड. गालांवरची लाली लोहाच्या गंजाची. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा. तेवढ्या गुलाबी मिठातून पोटॅशियम मिळणार जेमतेम 15 मिलिग्रॅम. एका केळ्यात त्याच्या वीसपट तरी असतं. पण केळ्याला गिरणी नाही ना! शिवाय "यानं बीपी वाढत नाही" असंही तिसऱ्या मजल्यावर ठरलंय. सोडियमला रंग कळतो, हे नवीनच.

आणि कुळ विचारू नका. पाकिटावर बर्फाची शिखरं, खाण मात्र पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याची. 2025च्या मे महिन्यात तिकडची आयातच बंद झाली, तेव्हा वहिनींचा चेहरा जो उतरला! गंमत म्हणजे हेच शेंदेलोण त्यांच्या सासूबाई एकादशीला वरीच्या तांदळात घालायच्या. तेव्हा ते वाण्याकडून कागदाच्या पुडीत यायचं, आणि त्याचं कौतुक कुणाला सांगावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

पण पांढऱ्याला काढताना त्याच्याबरोबर कोण गेलं ठाऊक आहे? आयोडीन! ते बिचारं मुद्दाम मिसळलेलं असतं. हिमालयाच्याच पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात, गळ्याला गलगंड घेऊन हिंडणारी माणसं घरोघर होती. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या काही भागात आयोडीन घातलेलं मीठ दिलं, गलगंड ओसरू लागला, आणि 1962 मध्ये देशाचा कार्यक्रम उभा राहिला. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे चिमटीतही सापडणार नाही इतकं. गरोदर बाईला 250. कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अडते. नुसत्या दगडी मिठात आयोडीन नावापुरतंच.

आणि वहिनींच्या सूनबाईंना कितवा? चौथा! डॉक्टरीणबाईंनी म्हणे पहिला प्रश्न हाच केला, घरात मीठ कोणतं? काय उत्तर दिलं ते कळलं नाही. पण काल संध्याकाळी वाण्याकडे वहिनी भेटल्या. पिशवीत आयोडीनवालं साधं मीठ, आणि वर कोथिंबिरीची जुडी पसरून झाकलेलं!