पटावरचे पराक्रम

गडहिंग्लज तालुक्यातील प्राथमिक शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला, बहुधा चिखलात, सुरू होते. वर्षातला पहिला सोहळा प्रवेशोत्सवाचा. पहिलीत नाव घातलेल्या मुलांना सजवलेल्या बैलगाडीतून आणि गावात बैलगाडी उरली नसेल तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाजतगाजत शाळेत आणतात. दारात औक्षण होते, हातात गुलाबाचे फूल आणि नवी पुस्तके पडतात. मग ताटातल्या कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कोऱ्या कागदावर पावलांचे ठसे घेतले जातात. मुलाच्या शैक्षणिक आयुष्यातला हा पहिला दस्तऐवज. त्यातले एक पाऊल बऱ्याचदा फळ्याकडे आणि दुसरे फाटकाकडे वळलेले असते, कारण फाटकाशी आई उभी असते. सत्कार चालू असताना सत्कारमूर्तीने भोकाड पसरले तरी चालते असा हा राज्यातला एकमेव सत्कार असावा.

शाळेत येणे हाच मुळात पराक्रम, ही समजूत या भागात जुनी आहे. गडहिंग्लज करवीर संस्थानात होते. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पुढे १९९२ पासून राज्य सरकारने मागास घटकांतील दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला, वर्षाला जास्तीत जास्त २२०. म्हणजे पाऊणशे वर्षांत रुपया तोच राहिला, फक्त पालकाच्या खिशातून निघण्याऐवजी त्याच्याकडे येऊ लागला. दरम्यान रुपयाचे काय झाले हा अर्थशास्त्राचा विषय असून तो प्राथमिकला नाही.

रोजच्या सोहळ्यांचे ठिकाण म्हणजे परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा हा क्रम ठरलेला असतो. दिनविशेष वाचणारी मुलगी जन्म आणि मृत्यू एकाच उत्साहाने जाहीर करते. ज्याचा वाढदिवस असेल त्याला पुढे बोलावून टाळ्या वाजवतात. हा मान आजोबांच्या पिढीला मिळाला नाही. त्या काळी नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसे, तेव्हा गुरुजी सरसकट १ जून लिहीत. परिणामी अख्ख्या पिढीचा वाढदिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत गेला.

प्राथमिक शाळेला सहसा शिपाई नसतो, म्हणून घंटा देण्याचा मान मुलांकडेच असतो. वर्गाचा मॉनिटर, सफाईमंत्री, आहारमंत्री ही पदे नावाला मोठी आहेत. खरी सत्ता घंटा देणाऱ्याच्या हाती. पाच सप्टेंबरला मुले स्वतः शाळा चालवतात, त्या दिवशी हे स्पष्ट दिसते. चौथीतला मुख्याध्यापक फिरत्या खुर्चीत बसून फिरून घेतो, तिसरीतल्या बाई आईची साडी सावरत ‘गप बसा रे’ एवढाच पाठ दिवसभर घेतात आणि शिपाई झालेले पोरगे मधली सुट्टी दहा मिनिटे आधी करून टाकते. शाळेच्या इतिहासात या निर्णयाला कधीही विरोध झालेला नाही.

मधल्या सुट्टीचे महत्त्व शासनानेही ओळखले आहे. १९९५ साली पोषण आहार योजना आली तेव्हा ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. शिजवलेली खिचडी नंतर आली. २०२३ साली आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे देण्याचे ठरले आणि वर्गावर्गांत दोन पक्ष पडले. शाळेत अंडे खाऊन घरी केळ्याचे नाव सांगणारा तिसरा पक्ष संख्येने लहान असला तरी निष्ठावान होता.

पावसाळ्यात हिरण्यकेशीला पूर येतो, भडगावचा पूल पाण्याखाली जातो आणि शाळेला सुट्टी पडते. ही मुलांच्या कर्तृत्वात मोडत नाही, पण ती साजरी मात्र तशीच होते. ऑगस्टमध्ये प्रभातफेरी निघते. कोल्हापूर जिल्ह्यात स्वातंत्र्यदिन आणि जिलेबी वेगळी करता येत नाहीत. त्यामुळे फेरीच्या सुरुवातीच्या घोषणा खणखणीत आणि परतीच्या त्याहून खणखणीत असतात.

हिवाळ्यात खेळ सुरू होतात: आधी केंद्र, मग तालुका, मग जिल्हा. गडहिंग्लज हे फुटबॉलचे गाव. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावरचे सामने पाहून आलेली पोरे शाळेच्या अंगणात प्लॅस्टिकच्या बाटलीवरही ऑफसाइडचा वाद घालतात. तरीही सर्वांत चुरशीची शर्यत लिंबू-चमच्याचीच. दातांत चमचा धरायचा असल्यामुळे पंचाशी हुज्जत घालता येत नाही. या खेळाचे शैक्षणिक मूल्य तेवढेच आहे आणि ते पुरेसे आहे.

डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या आवारात बाजार भरतो. याला आनंदी बाजार म्हणतात, हेतू व्यवहारज्ञान. गडहिंग्लज ही मिरचीची आणि गुळाची जुनी पेठ, तेव्हा व्यवहारज्ञान शाळेने द्यावे लागते असे नाही. मुले पोत्याच्या तुकड्यावर मेथी, कोथिंबीर, लिंबे, पेरू, शेंगा मांडून बसतात. एखादी आई भडंगाचा डबा लावून देते, त्याच्यासमोर शिक्षकांचीच गर्दी होते. तालुक्याच्या पूर्वेला, हलकर्णी-नूलच्या बाजूला, बऱ्याच घरांत कानडी चालते, म्हणून भावाची घासाघीस दोन भाषांत होते. तिसरीतला पोरगा कोथिंबिरीच्या सहा पेंड्या घेऊन बसलेला असतो. त्याची आज्जी येते, पेंडी उचलते, वास घेते आणि विचारते, ‘एष्टु?’

‘दहाला एक.’

‘दहाला दोन दे की रं. रान माझंच हाय न्हवं?’

‘आज्जी, बोहनी हाय. उधार न्हाई.’

आज्जी दहाची नोट देते आणि आपल्याच रानातली कोथिंबीर आपल्याच पदरात बांधून घेते. पलीकडे एक मुलगी शिल्लक पेरू स्वतः खाऊन नफ्याचा हिशेब लावत असते. दुपारी गुरुजी प्रत्येकाला खर्च विचारतात. खर्च शून्य, कारण माल घरचा. विक्री सारीच नफा. देशातल्या कुठल्याही धंद्याला असा ताळेबंद जमलेला नाही. मात्र हे आकडे फलकावर लागतात तेव्हा पालक ते पुन्हापुन्हा वाचतात आणि आपण दिलेल्या दहा रुपयांचा गावाच्या अर्थव्यवस्थेतला वाटा मनाशी मोजतात.

याच सुमाराला उसाचा हंगाम असतो. बीडकडून तोडणीला आलेल्या टोळ्यांची मुले चार-पाच महिन्यांसाठी वर्गात बसतात. त्यांची लंगडी वेगळी, शिव्या वेगळ्या, पाढ्यांची चाल वेगळी. फेब्रुवारीपर्यंत या तिन्ही बाबतींत शाळेचे ज्ञान दुप्पट झालेले असते. याची नोंद कुठल्याही प्रपत्रात नाही आणि त्यांच्या नावाचा फलकही कधी लागत नाही. ही उणीव प्रपत्राची समजावी.

स्नेहसंमेलन हा वर्षाचा कळस. महिनाभर आधीपासून वर्गात अभ्यासाऐवजी गाणी वाजतात आणि पालक तक्रार करण्याऐवजी कपडेपटाचे भाडे विचारतात. लेझीम, कोळीगीत, शेतकरी नृत्य आणि एक ऐतिहासिक प्रसंग हे ठरलेले. तालुक्यातच नेसरी असल्यामुळे प्रतापराव गुजरांच्या प्रसंगाला या भागात पहिला हक्क. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सात वीर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, हे येथे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असते. अडचण पटसंख्येची. वर्गात पाचच मुलगे असतील तर उरलेले दोन वीर मुलींमधून घ्यावे लागतात, आणि काजळाच्या मिशा लावलेल्या या दोघीच सर्वांत त्वेषाने तुटून पडतात असा सार्वत्रिक अनुभव आहे. बहलोलखानाची फौज मात्र बालवाडीतून येते. तिला पळायचे नसून जिंकायचे आहे, हे शेवटपर्यंत पटत नाही. घोडे दिसताच ती थेट आज्जीच्या मांडीवर जाऊन बसते. प्रतापराव विजयी झाले की निवेदक घाईघाईने खरा इतिहास सांगतो.

नाच चालू असताना बक्षिसे पुकारली जातात. कुणाचे मामा, कुणाचे आजोबा, एकवीस रुपये, एक्कावन्न रुपये. माइकवर नावे वाचण्यासाठी गाण्याचा आवाज बारीक करावा लागतो, पोरे ताल सोडून आपले नाव येते का ते ऐकत उभी राहतात, आणि जमलेल्या पैशांतून शाळेला नवीन स्पीकर घेतला जातो. गाणी आता मोबाइलवरून वाजत असल्यामुळे मधेच ज्याचा मोबाइल त्याला फोन येतो. रिंगटोनवरही न थांबता नाचत राहणारी मुलगी दर वर्षी एखादी तरी निघते. तिला वेगळे बक्षीस द्यायला हवे. अजून कुणी दिलेले नाही.

यानंतर वातावरण गंभीर होते, कारण शिष्यवृत्ती परीक्षा येते. २०१६-१७ मध्ये ती चौथी आणि सातवीवरून पाचवी आणि आठवीला गेली होती. दोन पेपर, तीनशे गुण. कोल्हापूर जिल्ह्यात या परीक्षेला कुस्तीइतकाच मान आहे. गुरुजी पहाटे जादा तास घेतात, पोरे जांभया देत आकृत्यांचे आरसे सोडवतात, आणि निकालानंतर चौकात डिजिटल फलक लागतो. त्यावर यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो तळाला, डावीकडे, बारीक असतो. वरचे मोठे फोटो परीक्षेला बसलेले नसतात.

सर्वांत शेवटी वार्षिक निकाल, परंपरेने १ मेच्या झेंडावंदनानंतर. २०१० पासून सातत्यपूर्ण मूल्यमापनात श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी देतात. ‘परिसरातील पशुपक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण करतो’ अशी नोंद असलेल्या मुलाची जागा खिडकीशी असते. पालक नोंद वाचतात, समजतात आणि पेढे वाटतात.

ज्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत तिथे चौथीला निरोप दिला जातो. मुले रडवेली भाषणे करतात आणि वर्गणीतून शाळेला भिंतीवरचे घड्याळ भेट देतात. प्रत्येक घड्याळावर तुकडीचे साल लिहिलेले असते. कार्यालयात अशी सात-आठ घड्याळे ओळीने टांगलेली दिसतात. सेल साधारण दोघांतच असतो आणि त्या दोघांचेही एकमेकांशी पटत नाही. शाळा घंटेवर सुटते.