लंगड्या घोड्याचा नवा अवतार

इंग्लंडातल्या घोडेस्वार कुटुंबांची व्यवहारदृष्टी अनुकरणीय आहे. पंधरा वर्षांच्या चिरंजीवांचा स्पर्धेचा घोडा लंगडू लागला, तर तिथे रडारड नसते. पशुवैद्य येतो, पाय मिनिटभर दुमडून धरतो, सोडतो आणि लगेच घोड्याला दुडक्या चालीने पळवून बघतो. मग एक्स-रे. दीर्घ विश्रांती लागेल म्हणाला, की निकाल लागला. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो हे खरं. पण ज्युनियर गट अठराव्या वर्षी संपतो. थांबायचं कोणी, हे उघडच आहे.

नवा घोडा येतो. जुन्याची जाहिरात निघते : ‘चांगल्या घरी मोफत. स्वारीसाठी नाही, फक्त दुसऱ्या घोड्याला सोबत म्हणून.’ मजकूर इतका हृद्य, की किरकोळ फेरफार करून गुडघेदुखीवाल्या आजोबांनाही चालावा.

यंदा मात्र ऐन मोसमात चिरंजीवच पडले. घोट्याला प्लास्टर. घोडा ठणठणीत, प्रवेशशुल्क भरलेलं. नियम सर्वांना सारखा हवा. तरी इच्छुकांनी त्वरित कळवावे : घोड्यासाठी मुलगा हवा आहे. वय 18च्या आत, दोन्ही घोटे शाबूत. एक्स-रे सोबत आणावेत. जुने चिरंजीव एक्स्चेंजमध्ये घ्यावे लागतील.