वेगळी खोली कुठून आणायची?

कांजिण्या झालेल्या मुलाला वेगळ्या खोलीत ठेवा, असं सांगतात. दिघ्याच्या चाळीत एकाच खोलीत पाच-सहा माणसं झोपतात. पडदा लावला तरी हवा तीच. त्यातून पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल रोग पसरवत असतं. पडदा लागेपर्यंत भावंडाला लागण होऊन गेलेली असते. त्याच्या अंगावर फोड उठायला १० ते २१ दिवस लागतात. म्हणजे थोरला शाळेत जायला लागला की धाकटा अंथरूण धरतो, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या आईची किंवा बापाची रोजी दुसऱ्यांदा बुडते. खोलीपेक्षा हे ठासून सांगा: चाळीत कोणी गरोदर असेल आणि तिला आधी कांजिण्या झालेल्या नसतील, तर तिला आजच कळवा, डॉक्टरकडे धाडा.

शेजारच्या मावशी, काकू मायेनं येतात, पण अंघोळ घालू देत नाहीत. फोडणी नको, औषध नको, देवी कोपेल म्हणतात. हे सारं देवीच्या रोगाच्या वेळचं. त्या रोगाचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, तरी त्याची पथ्यं आमची पोरं अजून पाळताहेत. पत्र्याखालच्या उकाड्यात बिनअंघोळीचं मूल रात्रभर खाजवतं, फोड फुटून चिघळतात. कोमट पाण्यानं रोज अंघोळ घाला, अंग न घासता टिपून घ्या, कॅलामाइन लावा, नखं कापा. उशाशी कडुलिंबाचा पाला खुशाल ठेवा.

तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. घरातली ॲस्पिरिनची गोळी अजिबात नको. कांजिण्यांत ती यकृतावर आणि मेंदूवर उलटू शकते. आयब्युप्रोफेनही टाळा. मूल गुंगीत राहिलं, धाप लागली, तर थांबू नका.

सगळ्या फोडांवर खपली धरली की मूल रोग पसरवत नाही. तरी नुसते डाग बघून शाळा त्याला दारातून परत पाठवते आणि दाखला मागते. दाखल्यासाठी पुन्हा दवाखान्याची फी.

या रोगाची लस मिचिआकी ताकाहाशींनी जपानात १९७४ साली तयार केली. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रात फुकट टोचतात. कांजिण्यांची राष्ट्रीय लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोस सांगते, पहिला पंधराव्या महिन्यानंतर. दोन्ही खासगीत, पदरच्या पैशांनी. एका खोलीत राहणाऱ्यांना ही लस सगळ्यात आधी फुकट मिळायला हवी.