घरबसल्या तपास कसा लावावा

द्राक्षाची छाटणी कशी करावी हे सांगणारे दिंडोरी तालुक्यात गावागणिक चार भेटतात. बेपत्ता बाईचा तपास कसा लावावा यावर मात्र अजून कुणी पुस्तिका काढलेली नाही. लोक आपले बघून बघून शिकतात. नव्या पिढीची तशी परवड होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

साहित्य फार लागत नाही. एक फोन, रोजचा दीड जीबी डेटा आणि टेकायला जागा. पार चालतो, पण पॅकहाऊसबाहेरची कॅरेटची थप्पी उत्तम. तिथे सावली असते आणि ऐकायला माणसं असतात. पोलीस ठाण्याची पायरी चढू नये. तिथे नाव-गाव विचारतात, जबाब लिहून घेतात आणि खाली सही मागतात. आपल्या तपासाला सही लागत नाही, हाच तर त्यातला मोठा फायदा.

समजा, कादवाकाठच्या एखाद्या गावातली तिशीतली बाई सोमवारी सकाळी घरातून गेली आणि रात्रीपर्यंत आली नाही. घरच्यांनी ठाण्यात मिसिंग दिली. मंगळवारी सकाळी साडेसातला तिचा फोटो गावच्या ग्रुपवर येतो, आणि तुमचं काम सुरू होतं.

फोटो कुणाच्या तरी हळदीतला असतो. शेजारच्याला कापून टाकलेलं असतं, पण त्याचा अर्धा खांदा आणि फेट्याचा शेमला राहून जातो. खाली चार ओळी असतात: उंची पाच फूट, रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगावर अबोली साडी, पायात निळी चप्पल, डाव्या हातावर गोंदण, मराठी बोलते, आणि ठाण्याचा नंबर. या ओळी पहिल्यांदा काढून टाका. जागा अडवतात. त्याऐवजी ‘लवकरात लवकर शेअर करा’ एवढंच लिहावं आणि लाल अक्षरांत लिहावं. जमलं तर फोटोवर एक गोल काढा. कशाभोवती ते महत्त्वाचं नाही. शेमल्याभोवती काढलात तर दुपारपर्यंत त्या शेमल्यावरच चाळीस मेसेज पडतील.

आता मुख्य भाग. ती शेवटची कुठे दिसली, कोणत्या गाडीत बसली, कुणाशी बोलली, हे प्रश्न नवशिके विचारतात. मुरलेला माणूस विचारतो, ‘घरात कशी होती?’ या एका प्रश्नावर तीन दिवस निघतात. ती मोबाईलवर फार बोलायची, असं कुणीतरी सांगतंच. फार बोलायची नाही, असं दुसरं कुणी सांगतं. दोन्ही गोष्टी संशयास्पद धराव्यात. बचत गटाच्या मीटिंगला जात असेल तर ‘बाहेर होतीच’ असं नोंदवा. जात नसेल तर ‘मनातलं कुणाला कळणार’ असं नोंदवा. माहेर सुरगाण्याकडचं की नाशिकचं, यावर स्वतंत्र विचार व्हावा. नवऱ्याबद्दल काही विचारायचं नाही. तो ग्रुपमध्ये आहे.

पुरावा कसा हाताळावा, याचा एक नमुना देतो.

‘आपल्याच दुकानात आली होती ना गेल्या शनिवारी,’ तात्या लिहितात. ‘रिचार्ज मारून गेली.’

‘कितीचा, तात्या?’

‘अठ्ठावीस दिवसांचा.’

ग्रुप थबकतो. मग एक भाऊ म्हणतो, पळून जायचं होतं तर रिचार्ज कशाला मारील? दुसरा म्हणतो, राहायचं होतं तर चौऱ्याऐंशीचा नसता का मारला? दोन गट पडतात. रात्री साडेअकरापर्यंत अठ्ठावीसवाले आणि चौऱ्याऐंशीवाले एकमेकांची घराणी काढत असतात. मध्येच कुणीतरी गणपतीचं शुभरात्री टाकतं आणि कामकाज स्थगित होतं. तात्यांनी ही शनिवारची गोष्ट ठाण्यात जाऊन सांगितली का, हे विचारून रसभंग करू नये.

भाषा कमवावी लागते. ‘फोन बंद आहे’ असं कधी म्हणायचं नाही. ‘लास्ट लोकेशन’ म्हणायचं. सीडीआर हा शब्द दिवसातून तीनदा यावा. सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींचा कागद, पोलिसांना रीतसर मागणी करून कंपनीकडून मिळतो, पण आपल्याला तो साडूकडून मिळालेला असतो. साडू एलसीबीत, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेत आहे. कोणत्या, ते सांगायचं नाही, कारण साडू होमगार्डमध्ये आहे आणि सध्या गडावर यात्रेच्या बंदोबस्ताला आहे.

भूगोलाच्या बाबतीत आपला तालुका भाग्यवान. करंजवण, वाघाड, पालखेड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव. इतकी धरणं हाताशी असताना सिद्धान्ताला पाणी कमी पडत नाही. प्रत्येक सदस्याने एकेक धरण वाटून घ्यावं आणि शेवटपर्यंत त्याला चिकटून राहावं. धरणावर जाऊन फेसबुक लाइव्ह केलंत तर उत्तम, मात्र भिंतीवर ‘येथे येण्यास मनाई आहे’ हा फलक फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

हे खूळ एकट्या आपलं नाही, हा एक दिलासा. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडातल्या लँकेशर भागातल्या एका खेड्यात निकोला बुली ही बाई नदीकाठी कुत्रा फिरवताना नाहीशी झाली. फोन बाकावर, त्यात ऑफिसची मीटिंग चालूच. पोलीस सांगत होते की ती नदीत पडली असावी. पण सरळ उत्तराने कुणाचं समाधान होतं? गावोगावचे हौशी तपासनीस कॅमेरे घेऊन त्या खेड्यात उतरले, लोकांच्या आवारात शिरले, रात्री टॉर्च मारत फिरले. शेवटी त्यांना पांगवायला पोलिसांना वेगळे आदेश काढावे लागले. पोलीसही कमी नव्हते. तिच्या दारूविषयी आणि रजोनिवृत्तीच्या त्रासाविषयीची माहिती त्यांनी जाहीर करून टाकली आणि त्यावरून देशभर बोलणी खाल्ली. म्हणजे ‘घरात कशी होती’ हा प्रश्न तिकडेही पोचलेला आहे. १९ फेब्रुवारीला ती सापडली, त्याच नदीत. जूनमधल्या चौकशीचा निष्कर्ष: अपघाताने बुडून मृत्यू.

आणखी जुनी परंपरा हवी असेल तर ॲगाथा ख्रिस्ती घ्या. डिसेंबर १९२६ मध्ये ती अकरा दिवस बेपत्ता होती. हजारो माणसं रानं धुंडाळत होती. शेरलॉक होम्सला जन्म देणाऱ्या कॉनन डॉयलने काय केलं? तिचा हातमोजा घेतला आणि मृतात्म्यांशी बोलणाऱ्या एका माध्यमाकडे दिला. आपल्याकडे हातमोजे नसतात म्हणून घरचे कंगवा घेऊन देवऋषीकडे जातात, एवढाच फरक. बाई हॅरोगेटच्या हॉटेलात नवऱ्याच्या मैत्रिणीचं आडनाव लावून उतरली होती. तिला ओळखलं हॉटेलातल्या बँडवाल्यांनी. त्यांनी कसलाही सिद्धान्त मांडला नव्हता, नुसतं तोंडाकडे बघितलं होतं. त्या अकरा दिवसांबद्दल तिने आत्मचरित्रात चकार शब्द लिहिलेला नाही. तिची ती मर्जी.

तपास चौथ्या दिवशी मंदावतो. धरणं संपतात, साडू फोन उचलत नाही. अशा वेळी बाहेरचा माणूस शोधावा. हंगामात पेठ-सुरगाण्याहून पिकअप भरभरून मजूर बागांवर येतात, भंगारवाले येतात, चादरी विकणारे येतात, नंदीवाले येतात. कुणाचाही फोटो काढावा, बेपत्ता बाईच्या फोटोशेजारी लावावा आणि मध्ये नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकावं. आरोप कुणी केला? आपण तर विचारतोय.

इथे थोडं थांबतो, कारण हे कलम मी विनोदाने पुढे नेऊ शकत नाही. सटाण्याच्या पलीकडे साक्री तालुका लागतो. तिथे राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवडे बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कितीतरी दिवस भागात फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे आले होते. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. मुलं पळवणारी कसलीच टोळी नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पाचच.

असो. पुन्हा वर्गाकडे.

कोणती बाई तपासाला घ्यावी, हे सुरुवातीलाच सांगायचं राहिलं. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रात अठरा वर्षांवरच्या १,७८,४०० स्त्रिया बेपत्ता झाल्याची नोंद आहे. जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेला हा आकडा. सगळ्यांना न्याय देणं शक्य नाही. फोटो चांगला असेल ती घ्यावी. वीटभट्टीवरची, आधार कार्डावरच्या फोटोतली, साठीतली, डोक्यावर परिणाम झालेली, अशा घेतल्या तर ग्रुपवर कुणी बोलत नाही. अठ्ठावीसवालेही नाहीत.

आणि तपास कधी बंद करावा? याला सोपं उत्तर आहे: बेमोसमी पावसाचा अंदाज आला की. एका दुपारी ढग भरून येतात, सगळे औषध फवारणीवर बोलायला लागतात, आणि बाई वर सरकत सरकत स्क्रीनबाहेर जाते. निकाल द्यायची गरज नाही. माफीचा तर प्रश्नच येत नाही.

काही लोकांना मात्र असा तपास बंद करता येत नाही. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे ११ एप्रिल २०१६ रोजी नवी मुंबईतून नाहीशी झाली. ती स्वतः पोलीस, संशय पोलीस खात्यातल्याच वरिष्ठावर. तिचा भाऊ आणि नवरा ठाण्यांच्या, मंत्रालयाच्या, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. त्या वरिष्ठाला, अभय कुरुंदकरला, अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये आणि जन्मठेप झाली ती एप्रिल २०२५ मध्ये. नऊ वर्षं. मृतदेह शेवटपर्यंत मिळाला नाही. त्या नऊ वर्षांतला प्रत्येक कागद कुणाच्या तरी सहीचा होता.

तेव्हा पुस्तिकेच्या मलपृष्ठावर, जिथे एरवी खताची जाहिरात असते, तिथे बारीक टायपात एवढं छापून घेतो. मिसिंग द्यायला चोवीस तास थांबावं लागत नाही. कुठल्याही ठाण्यात देता येते. मुलगी अठराच्या आतली असेल तर थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. सज्ञान बाई आपल्या मर्जीने गेली असेल तर कुठे राहायचं ते ती ठरवते, ग्रुप ठरवत नाही. काही दिसलं, काही आठवलं, शनिवारचा रिचार्जसुद्धा, तर ११२ लावा किंवा ठाण्यात जाऊन सही करून या. फोटो पुढे पाठवायचाच असेल तर खालच्या त्या चार ओळी कापू नका. निळी चप्पल आणि डाव्या हातावरचं गोंदण नाशिकच्या निमाणी स्टँडवर एखाद्या कंडक्टरला दिसू शकतं, शेमला कुणालाच दिसणार नाही. आणि ती घरी आली, की तिचा फोटो आधी आपल्या फोनमधून काढा, मग ग्रुपवर सांगा.